डबा बदलला, पळी तीच

जबलपूरच्या मराठी घरात तेलाचा एकच डबा सहसा नसतो. फोडणीला शेंगदाण्याचं, लोणच्याला आणि भरल्या वांग्याला सरसोंचं, पुऱ्या-चकल्यांना सोयाबीनचं रिफाइंड. शिवाय देवाच्या नावानं आणलेलं आणि वरणभातावर संपणारं साजूक तूप. नागपूरची बहीण आली की जवसाचं घ्या म्हणते, पुण्याची भावजय करडईचं. आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद रंगला तो यातलं कोणतं हृदयाला चांगलं, एवढ्याच मुद्द्यावर. महिन्याला किती लागतं, याचा हिशेब फक्त किराणावाल्याकडे होता.

माझी आधी साखर निघाली. साखरेच्या चाचणीतला एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आला की मधुमेह धरतात. माझा आठाच्या पुढे. सगळ्यांना नवल वाटलं, कारण मी कधीच लठ्ठ नव्हते. पण आपल्या लोकांचं हेच तर दुखणं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला जोडफोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१ टक्के. काटा ठीक म्हणतो आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठत असते. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप वापरा: कंबर बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

मधुमेहानं हृदयविकाराचा धोका साधारण दुपटीनं वाढतो. हृदयविकार माझ्याकडे आला तोही ओळखू न येणाऱ्या रूपात. उन्हाळ्यात जिना चढताना जबडा आणि पाठ दुखू लागली, दरदरून घाम फुटला, छातीत मात्र काहीच नाही. घरात एकमतानं गॅस ठरला. दुसऱ्या दिवशी ईसीजी, मग अँजिओग्राफी, मग स्टेंट. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये झटका असा आडवळणानं येऊ शकतो: धाप, जबडा, पाठ, मळमळ, नुसता कमालीचा थकवा. अशा वेळी ओवा-सोडा शोधत बसू नका, तडक ईसीजी काढायला जा.

घरी सोडताना आहारतज्ज्ञ बाईंनी मला कोणतं तेल वापरता हे विचारलंच नाही. माणसं किती आणि डबा किती दिवसांत संपतो, एवढंच विचारलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहारात दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. महिन्याचं साधारण ९०० मिलीलिटर, म्हणजे चौघांना साडेतीन लिटर; त्यात बाहेरचा समोसाही आला. आमचा पाच लिटरचा डबा महिनाअखेर गाठत नव्हता. तेल कोणतंही असो, एका ग्रॅमला नऊच कॅलरी देतं. घाण्याचं असलं म्हणून आठ देत नाही.

मग तेलात फरक नाही का? आहे. पाम तेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, तुपात त्याहून जास्त, खोबरेलात तर नव्वद टक्क्यांच्या घरात. ती जागा शेंगदाणा, सरसों, तीळ, सोयाबीन यांना दिली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. सोयाबीनला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गावची गोष्ट: विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेलं जेएस ३३५ हे वाण इथल्याच, अधारतालच्या कृषी विद्यापीठाचं. त्याच्या तेलात जवसासारखं ओमेगा-३ थोडं असतं, सूर्यफुलात ते जवळजवळ नसतंच. आम्ही आता आलटून पालटून दोन तेलं वापरतो आणि ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलेल्या पिशवीला जास्त पैसे देत नाही. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसतं.

खरी गडबड कढईत होते. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात विघटित पदार्थ साठतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८ पासून अशा ‘पोलर’ घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटला दोन टक्क्यांची. नियम चांगले आहेत. पण सकाळी पेटलेल्या कढईत संध्याकाळी मंगोडे पडताना तेल तपासायला कोणी उभं नसतं. फेस येणारं, काळसर, चिकट तेल दिसलं की मी पुढे जाते. घरी तळणीचं तेल कमीच घेते, उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवते, पुन्हा तळणीला नाही. सरसोंचं तेल धूर येईपर्यंत तापवायची इथली रीत आहे; धूर दिसताच आच कमी करावी.

कमानिया गेटच्या खोव्याच्या जिलेबीविषयी मला लोक दबकत विचारतात. खाते, वर्षातून एखादेवेळी, जेवणानंतर एक. रोजचे पोहे-जिलेबी मात्र बंद. साखर आणि मैदा ट्रायग्लिसराइड वाढवतात, तुपाइतकाच दोष त्यांच्या पदरात घालायला हवा. तेल निम्म्यावर आणलं आणि पोळ्या सहाच्या सहा राहिल्या, तर साखर हलत नाही, हे मी माझ्याच रिपोर्टात पाहिलं आहे. आता भाताच्या जागी दिंडोरी-मंडल्याकडची कोदो-कुटकी येते. तंतू जास्त, पोट भरतं. पण तेही धान्यच, वाटीनं मोजूनच घ्यायचं. मटारच्या दिवसांत तर मटार डाळीसारखा धरते, भाजीसारखा नाही.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती घाण्याचं तेल सुरू केलं म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांची. आमच्या ओळखीत असे निघाले. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि स्टॅटिन स्वतःच्या मनानं थांबवणं जिवावर बेतू शकतं. जेवण सुधारलं तर डोस डॉक्टर कमी करतील, आपण नाही. आणि डबा बदलल्यावर आठवड्यात एचबीए१सी काढायला धावू नका. रक्तातल्या लाल पेशी साधारण चार महिने जगतात, जुन्या साखरेची खूण त्या घेऊनच फिरतात. तीन महिने जाऊ द्या, मग लिपिड आणि एचबीए१सी एकाच दिवशी काढा, आणि रिपोर्टसोबत त्या तीन महिन्यांत किती लिटर तेल आणलं तो आकडाही डॉक्टरांपुढे ठेवा.