उघड्यावर उभे राहणारे विमान आणि त्याचे कापडी आच्छादन

धारवाडच्या सप्तापूर भागात मृग नक्षत्र लागण्यापूर्वी जी लगबग चालते, ती या पट्ट्यातील कोणत्याही गावासारखीच असते. जळण आत येते, कौले शाकारली जातात, अंगणातील वाहनावर ताडपत्री पडते. एका वर्षी प्रस्तुत लेखकाने आपली स्कूटर प्लॅस्टिकच्या कागदात चोहोबाजूंनी घट्ट गुंडाळून ठेवली. दोन महिन्यांनी कागद सोडला, तेव्हा शेजारच्या घराबाहेर उघड्यावर भिजत राहिलेल्या स्कूटरपेक्षा आमच्याच स्कूटरवर अधिक गंज चढलेला होता! खालच्या जमिनीतून येणारी वाफ रात्री कागदाच्या आतील अंगास लागून गारठली, तिचे पाणी झाले आणि त्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट उरली नाही. विमानाच्या बाबतीत अशी चूक अधिक महाग पडते. म्हणून या विषयाची थोडी तपशिलाने ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

मोठी प्रवासी विमाने हुबळीच्या गोकुळ रस्त्यावरील विमानतळावर येतात, थोडा वेळ थांबतात आणि जातात. उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या दोन किंवा चार आसनी विमानांची गोष्ट वेगळी. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया येथे अशी शिक्षणकेंद्रे उभी राहिली, आणि २०२१ मध्ये बेळगाव, कलबुर्गी व जळगाव ही ठिकाणेही या कामासाठी निवडली गेली. विमानघर, म्हणजे हँगर, बांधणे खर्चाचे असते. त्यामुळे जगभर लहान विमाने बहुधा उघड्या फरशीवर उभी राहतात. भारतात तर आरंभापासून हीच स्थिती होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ जातीचे विमान मुंबईच्या जुहू मैदानावर उतरविले. त्या मैदानात पावसाळ्यात पाणी साठत असे आणि टपालसेवेचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

पस मॉथच्या सांगाड्यावरील आवरण कापडाचेच होते. तीच परंपरा आपल्या ‘पुष्पक’ विमानात दिसते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या कारखान्यात हे दोन आसनी विमान तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी झाले व पुढे देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत विद्यार्थी त्यावर शिकले. कापडावर डोप नावाचे रोगण चढविले की ते ढोलकीच्या पुडीसारखे ताणून बसते. वरच्या थरांत अॅल्युमिनियमची भुकटी मिसळतात. ती शोभेसाठी नव्हे. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण कापडापर्यंत पोहोचू नयेत, हा तिचा खरा हेतू. विमानासाठीच्या उत्तम प्रतीच्या नव्या सुती कापडाची एक इंच रुंद पट्टी ८० पौंड ताण सोसते. हाच आकडा ५६ पर्यंत, म्हणजे मूळच्या शेकडा ७० पर्यंत उतरला की त्याखाली ते कापड उड्डाणास निकामी समजावे, असा नियम होता. छपराखाली वर्षानुवर्षे टिकणारे कापड उन्हात फार लवकर या रेषेशी येते. सुताच्या जागी पुढे पॉलिएस्टर आले. परंतु रोगणाचे संरक्षण नसेल तर तेही उन्हापुढे टिकत नाही.

धातूच्या विमानास उन्हाची भीती नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या खिडक्या काचेच्या नसून अॅक्रिलिकच्या असतात. ऊन खाऊन त्यांवर केसासारख्या बारीक भेगा उमटतात आणि सूर्यासमोर विमान चालविताना समोरचे दिसेनासे होते. बंद खोलीत उष्णता साठून यंत्रफलक व आसनांची कातडी तडकते. म्हणून पूर्ण विमानास आच्छादन घेणे परवडत नसेल, तर निदान खिडक्यांवर तरी ते घालावे. येथे कापड कसे असावे, हा प्रश्न येतो. बाहेरून फिक्या किंवा चंदेरी रंगाचे, पाणी सहजासहजी आत न घेणारे परंतु वाफ बाहेर जाऊ देणारे घट्ट विणीचे कापड, आणि आतून खिडकीला लागेल तेथे फलालीनसारखे मऊ अस्तर, ही रचना योग्य होय. प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त असली तरी वर सांगितलेल्या कारणाने ती टाळावी.

आच्छादन घालण्यापूर्वी धूळ काढली पाहिजे. हे काम बहुतेक ठिकाणी आळसाने राहून जाते. धुळीने माखलेल्या खिडकीवर कापड टाकले आणि वारा सुटला की ते कापड पॉलिशकागदाचे काम करते. धूळही कोरड्या फडक्याने पुसू नये; भरपूर पाणी ओतून ती वाहून जाऊ द्यावी. तसेच आच्छादन अंगासरशी बसेल असे शिवलेले असावे. धारवाड तालुक्यातील गरग गाव राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे. सतत फडकणारा कोणताही ध्वज पाहावा: तो काठीकडे फाटत नाही, मोकळ्या टोकाकडून विरत जातो. सैल आच्छादनाची मोकळी कडा अशीच फडफडते. फरक इतकाच की ती स्वतः विरण्याबरोबर विमानाचा रंगही खरवडते.

वाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण आच्छादन म्हणजे बांधणी नव्हे. समोरून येणाऱ्या वाऱ्याने पंखास मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा दुप्पट झाला तर उचल चौपट होते. शाळेत हे गणित शिकविताना शिक्षकांनी विमानाचे उदाहरण अवश्य घ्यावे. सेसना १५२ हे शिक्षणाचे विमान रिकामे असता सुमारे ५०० किलो वजनाचे असते आणि ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगाच्या आसपास त्याचे पंख त्यास पेलू लागतात. वळवाच्या वावटळीस असा झोत निर्माण करणे अवघड नाही. म्हणून दोन्ही पंख व शेपूट अशा तीन ठिकाणी दोर बांधतात. काथ्याचा किंवा अंबाडीसारख्या वनस्पतिज धाग्याचा दोर भिजल्यावर आखडतो, सबब तो किंचित ढिला ठेवावा. नायलॉनचा दोर आखडत नाही. खुंटीचीही परीक्षा हवी. धारवाडच्या पूर्वेस, हुबळीकडे, काळी जमीन लागते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून लोण्यासारखी होते. अशा जमिनीत मार्चमध्ये घट्ट वाटलेली खुंटी जूनमध्ये हाताने उपटून येते. तेथे काँक्रीटच्या ठोकळ्यात कडी बसविणेच श्रेयस्कर.

आता सर्वांत लहान आच्छादनाकडे वळू. पंखाखाली किंवा नाकाजवळ बोटाएवढी एक नळी पुढे तोंड करून असते. तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तीत शिरतो व त्यावरून वैमानिकास वेग कळतो. आपल्या घरांत कुलपाच्या भोकात, दाराच्या चौकटीत चिखलाचे घर बांधणारी कुंभारीण माशी सर्वांच्या परिचयाची आहे. तिला ही नळी म्हणजे आयते घरच! ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील प्वेर्तो प्लाता येथून उडालेले बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील १८९ जण मरण पावले. एक पिटो नळी बंद झाल्याने वेग खोटा दाखविला जात होता व वैमानिकांकडून योग्य उपाय झाला नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. विमान काही दिवस जमिनीवर उभे होते, त्या काळात नळ्यांवर टोपणे नव्हती, आणि कुंभारीण माशीचे घरटे हे बुजण्याचे संभाव्य कारण मानले गेले. वितभर कापडाच्या पिशवीचे हे काम होते.

पण झाकलेले उघडण्यास विसरणेही तितकेच घातक. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूमधील लिमाहून निघालेल्या विमानाच्या स्थिर दाबाच्या छिद्रांवर धुताना लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहिली. ७० जण दगावले. १८ जुलै २०१८ रोजी ब्रिस्बेन येथून एक मोठे विमान नळ्यांवरील टोपणांसह उडाले. सुदैवाने ते सुखरूप परतले. यासाठी प्रत्येक टोपणास हातभर लांबीची लाल पट्टी लोंबती ठेवतात. टोपणांची संख्या मोजून वहीत नोंदवावी, आणि काढल्यावर ती एका पिशवीत टाकून पुन्हा मोजावी. गुराखी संध्याकाळी गुरे मोजतो तशी ही मोजदाद आहे. तीत कमीपणा नाही.

इंजिनाच्या तोंडाशी साळुंकी काड्या आणून टाकतात आणि एका सकाळीत ओंजळभर कचरा जमवितात. म्हणून तेथेही गादीसारखी बुचे बसवितात. इंजिन गरम असताना मात्र ती बसवू नयेत. कापड जळण्याचा धोका असतो. पावसात उभ्या राहिलेल्या विमानाच्या इंधनटाकीत झाकणाच्या कडेने पाणी उतरू शकते. आच्छादन असो वा नसो, उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते; दिसल्यास ते संपेपर्यंत काढत राहावे.

पावसाळ्यात चार दिवस उघडीप मिळाली की आच्छादन संपूर्ण उतरवून विमान व कापड दोन्ही वाळवावीत. शिवणीच्या जागा, विशेषतः पंखाच्या टोकाशी पाणी साचते त्या, हाताने चाचपून पाहाव्यात. बुरशीचा वास आला तर कापड साध्या पाण्याने धुऊन सावलीत पसरावे आणि पूर्ण सुकल्याखेरीज पुन्हा चढवू नये.