‘गेट’ या क्रियापदाची अर्थव्याप्ती

इंग्रजी बोलण्यात ‘गेट’ हे क्रियापद पावलोपावली भेटते. तरीही आपले विद्यार्थी त्याचा ‘मिळणे’ एवढाच अर्थ पाठ करतात आणि पुढे अडखळतात. ‘गेट अप’ म्हणजे उठणे, ‘गेट होम’ म्हणजे घरी पोहोचणे, ‘गेट टायर्ड’ म्हणजे थकणे. ‘आय गॉट इट’ म्हणजे मला समजले. तर ‘गेट द रूफ रिपेअर्ड’ म्हणजे छप्पर दुरुस्त करवून घेणे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या शब्दाचे मूळही रोचक वाटेल. 9व्या शतकापासून इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘गेटा’ या शब्दातून तो इंग्रजीत रुळला. ‘गॉटन’ हे जुने रूप अमेरिकेत आजही चालते. ब्रिटनमध्ये ते ‘फरगॉटन’सारख्या शब्दांतच उरले.

खरी कसोटी लागते ती भाषांतरात. ‘शी गॉट अ स्कॉलरशिप’ या वाक्यातून शिष्यवृत्ती तिला मिळाली की तिने मिळवली, हे कळत नाही. इंग्रजीला दोहोंसाठी एकच शब्द पुरतो. मराठीला निवड करावीच लागते. ‘तिला मिळाली’ म्हटले की मुलगी केवळ घेणारी ठरते. ‘तिने मिळवली’ म्हटले की ती कर्ती होते. संदर्भात तिचे कष्ट दिसत असतील, तर मी वर्गात ‘मिळवली’ असेच लिहून घेतो. बाजारातील गाइडे सर्रास ‘मिळाली’ छापतात, ते मला पटत नाही.

पालकांसाठीही एक सूचना: इंग्रजी अर्जात ‘गेट’ शक्यतो टाळावे. पत्र मिळाल्याचे कळवताना ‘रिसीव्ह’ आणि दाखला मिळवण्याविषयी लिहिताना ‘ऑब्टेन’ शोभते.