धरणाचे टक्के टेबलमध्ये साठवू नका : लाराव्हेलमधला ॲक्सेसर

पावसाळ्यात आपल्या शहरात जो तो एकच आकडा विचारतो : जायकवाडी किती टक्के भरलं? प्रोजेक्टसाठी धरणसाठ्याचं ॲप करायला घेतलं, की बरेच जण नोंदींच्या टेबलमध्ये तारीख, एकूण साठा आणि टक्के असे तीन कॉलम करतात. तिसरा नकोच. उद्या कोणी साठ्याचा आकडा दुरुस्त केला आणि टक्के तसेच राहिले, तर खरं कुठलं मानायचं?

पण आधी सूत्र. खरी गडबड तिथेच होते. जायकवाडीची एकूण क्षमता 2909 दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यात 738 मृत साठा, उरलेला 2171 उपयुक्त. बातमीत येतात ते टक्के उपयुक्त साठ्याचे. समजा आज एकूण साठा 1950 आहे. 1950 ला 2909 ने भागलं तर 67.03 टक्के येतात. बरोबर रीत अशी : 1950 मधून 738 वजा करा, उरलेल्या 1212 ला 2171 ने भागा. उत्तर 55.83 टक्के! मेंढेगिरी समितीच्या निकषात 15 ऑक्टोबरला 65 टक्के ही रेषा आहे. साठा त्याखाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. चुकीच्या सूत्राचं ॲप म्हणेल, गरजच नाही.

म्हणून सूत्र एकाच जागी लिहायचं, मॉडेलमध्ये. लाराव्हेल 9 पासून त्यासाठी 'लाइव्हपर्सेंट' अशी प्रोटेक्टेड मेथड लिहितात. ती 'ॲट्रिब्यूट' ऑब्जेक्ट परत देते आणि त्याच्या 'गेट'मध्ये आपलं सूत्र बसतं. वापरताना नाव अंडरस्कोर घालून, 'लाइव्ह_पर्सेंट'. दिसायला अगदी कॉलमसारखं. जेसनमध्ये मात्र ते आपोआप येत नाही. मॉडेलच्या 'अपेंड्स' यादीत तेच अंडरस्कोरवालं नाव टाकावं लागतं. इथे हमखास अडकायला होतं.

उत्तर शून्याखाली गेलं तर घाबरून शून्य करू नका. 2019 च्या उन्हाळ्यात साठा मृत पातळीखाली गेला होता, तेव्हा उणे टक्के हीच खरी बातमी होती.

738 आणि 2171 हे आकडे धरणांच्या टेबलमध्ये ठेवा, उद्या दुसरं धरणही जोडता येईल. पण मग ॲक्सेसर प्रत्येक नोंदीमागे धरण शोधायला जातो. वर्षाच्या 365 नोंदी मागवल्या तर 366 क्वेऱ्या! नोंदी आणतानाच 'विथ' लावून धरण सोबत आणलं, की दोनच.

आणखी एक. '65 पेक्षा कमी असलेले दिवस' शोधायला 'व्हेअर'मध्ये हे नाव चालत नाही, कारण डेटाबेसला असा कॉलम माहीतच नाही. तिथे धरणांचं टेबल जॉइन करून सूत्र एसक्यूएलमध्येच लिहावं लागतं. ती क्वेरी करून आणा, पुढच्या तासाला तपासू.