चालतंय आणि शोभतंय

अगं, रात्री साडेअकराला तीन साड्यांचे फोटो आणि खाली एवढंच, "ताई, कोणती?" उठून चष्मा लावला, तिन्ही फोटो मोठे करून पाहिले आणि मग काही केल्या झोप लागेना. पहिल्या पगारातली पहिली साडी आहे तुझी. 'ही घे' असं दोन शब्दांत उत्तर द्यायला मन होईना, म्हणून सविस्तर लिहितेय. सकाळी चहा घेताना वाच.

एक पिस्ता रंगाची ऑर्गेंझा, अंगभर टिकल्या. दुसरी जांभळी सेमी पैठणी, पदरभर मोर. आणि तिसरी वाइन रंगाची महेश्वरी, जिच्याखाली तू लिहिलंस, "छान आहे, पण जरा साधीच वाटते ना?" पिस्ता साडी खांद्यावर टाकलेल्या फोटोत तुझा चेहरा कसा फुललाय, ते मला दिसलं बरं का. दुकानातले दादा म्हणाले असतील, "सध्या हेच चालतंय." आणि ते खोटं बोलत नाहीत, खरंच चालतंय. पण आपली आजी कपड्याबद्दल हा शब्द कधी वापरायची नाही, आठवतं? ती म्हणायची, "तुला शोभतं." चालतं ते बाजारात, सगळ्यांसाठी सारखंच. शोभतं म्हटलं की कुणाला, ते आधी सांगावं लागतं. माझं सगळं सांगणं या दोन शब्दांमधल्या अंतराबद्दलच आहे.

आजीचं इरकली लुगडं माझ्या कपाटात आहे. काल रात्री तेच काढून बसले होते. हिरवंगार सुती अंग, लाल रेशमी काठ, आणि तो लाल-पांढरा टोपपदर. अंग आणि पदर जिथे मिळतात तिथे बोट फिरवून बघ कधीतरी. पदराचा ताणा वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्यात फासे अडकवून जोडतात. बागलकोटजवळच्या इलकलचे विणकर पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत. आजीच्या लुगड्याला गुडघ्यापाशी रफू आहे, इतकं बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. ती ते नेसून दळण आणायला गेली, शाळेत आपल्या बक्षीस समारंभाला आली आणि तुझ्या बारशाला पाळण्याची दोरीही तिने तेच नेसून ओढली. कुणी कधी म्हटलं नाही, "काय आजी, परत तेच?" उलट तेच नेसून आली नसती तर चुकल्यासारखं झालं असतं. मला वाटतं, शैली म्हणतात ती हीच. एखादी गोष्ट इतक्यांदा, इतक्या सहजपणे अंगावर यावी की लोकांना ती आठवली की माणूस आठवावं.

आता तुला आजवर न सांगितलेलं एक सांगते. २०१३ साली टीव्हीवर 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या जान्हवीच्या मंगळसूत्राचं वेड गावोगाव पसरलं. माझ्या ऑफिसात एकीने केलं, मग दुसरीने. मी माझं जुनं मंगळसूत्र सोनाराकडे नेलं. दोन वाट्यांचं, साधं. एक वाटी सासरची आणि एक आईने दिलेली. ते मोडून मी जान्हवीसारखं घडवून घेतलं. दोनेक वर्षं हौसेने घातलं, सगळ्यांनी कौतुकही केलं. २०१६ ला मालिका संपली आणि ते बघता बघता 'तेव्हाचं' दिसायला लागलं. सोनं आहे अजून, वजनात फारसं कमी झालेलं नाही. पण आईची वाटी गेली. तिला एका बाजूला छोटासा पोचा होता, लहानपणी मी दात लावल्याचा. ती आता कुठल्याच सोन्यात सापडायची नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त "असू दे" म्हणाली. त्या दिवसापासून नवीन काही घेताना मी आधी बघते, हे घेण्यासाठी मला काय मोडावं लागतंय.

म्हणून हौस करूच नये, असं मी म्हणत नाहीये हां. केसांत माळायचं काही, कानातलं एखादं, एखादा कुर्ता, यात चालू फॅशन खुशाल कर. वय आहे तुझं. फक्त ती हौस हलक्या पैशांत कर आणि जुनं काही मोडून करू नकोस.

एक गंमत दाखवते. आईचा जुना अल्बम काढ. कुठला फोटो कुठल्या सालचा, हे साडीवरून सांगता येत नाही, ब्लाउजवरून येतं. बिनबाह्यांचा दिसला की सत्तरचं दशक, फुग्यांच्या बाह्या दिसल्या की ऐंशी-नव्वद. साडीचं वय होत नाही, ब्लाउजचं होतं. तेव्हा ब्लाउज साधा शिवून घे: बाही कोपराच्या जरा वर, गळा तुला वाकताना सावरावा लागणार नाही एवढाच. आणि शिंपीदादांना सांग, दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडा म्हणून. शिवणातल्या त्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे 'माया' का म्हणतात, ते अंग भरल्यावर कळतं बघ!

आता पैठणीबद्दल. सेमी पैठणी वाईट नसते, पण तिच्यात मन गुंतवू नकोस. परत दुकानात गेलीस तर पदर उलटा करून बघ. येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावरच्या पैठणीत मोर पुढून जसा तसाच मागून दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा विणकर हाताने तेवढ्याच जागेत फिरवतो. भरगच्च पदर असेल तर एकेका पैठणीला महिनोन्महिने जातात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. सेमीच्या पाठीवर बहुधा धागे लोंबत असतात किंवा कापलेले असतात. खरी पैठणी आज तुझ्या खिशाला झेपणार नाही आणि आज ती तुला लागणारही नाही. घाई नको. चार वर्षांनी आपण दोघी येवल्याला जाऊ, मागावर बसलेल्या माणसाशी बोलू आणि मग घेऊ.

हे फक्त साडीचंच नाही. कोल्हापुरी चपलेवरून केवढा गदारोळ झाला, ऐकलंस ना? जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्रादा या बड्या कंपनीने अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, आणि आपल्या कारागिरांचं नावही घेतलं नाही. मला राग आला होताच. पण बाबांची चप्पल दारात तशीच होती, बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याची. नवी असताना चावली, तेल पिऊन मऊ झाली, आता त्यांच्या पायाचा आकार घेऊन बसलीय. त्यांच्या चालण्याची करकर ऐकून मी अजून गॅसवर चहा ठेवते.

तर बाळा, महेश्वरी घे. तुला ती साधी वाटते कारण दुकानातल्या झगमगाटात तू ती टिकल्यांच्या शेजारी पाहिलीस. तुझ्या वर्गात, सकाळच्या उजेडात, फळ्याकडे पाठ करून उभी राहशील तेव्हा बघ. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले, तिथल्या किल्ल्यावरची, घाटांवरची नक्षी काठांवर उतरली. तेव्हापासूनचा तो काठ आहे, आणि अजून कुणाला जुना वाटलेला नाही. सूत-रेशीम आहे, अंगाला हलकी, चार तास उभं राहून शिकवलंस तरी जड होणार नाही. निऱ्या एकदा बसल्या की दिवसभर हलत नाहीत. ऑर्गेंझात तू सारखी पदराकडेच बघत राहशील, आणि मुलींना तुझ्याकडे बघायचंय.

आणि ठेवणीत टाकू नकोस. फॉल लावून आण आणि सोमवारीच घडी मोड. पुढच्या आठवड्यात परत नेस. कुणी म्हणालं "परत तीच?", तर हस आणि तिसऱ्यांदा नेस. फक्त ठेवताना मलमलीत गुंडाळ, डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल, नाहीतर दुमडीवर विरते.

आजीच्या इरकलीवर रफू कुठेय, ते तू आलीस की दाखवते. ते लुगडं मी तुझ्यासाठी ठेवलंय. नऊवार नेसायला आधी मी शिकवेन, ओचा आजीसारखा काढायला मला अजून जमत नाही, ते दोघी मिळून करू. सोमवारचा फोटो पाठव. खिडकीपाशी उभी राहून काढ, फ्लॅश नको.