यीस्ट एक, जाती अनेक

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात ‘कँडिडा’ सापडली, की नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, बुरशीच ना? गोळीने जाईल ना?” तोंडातली बुरशी औषधाने सहसा जाते, रक्तात शिरलेली मात्र जीव घेऊ शकते. धोका किती, हे रुग्णाची प्रकृती आणि बुरशीची जात ठरवते.

पाव फुगवणारे यीस्ट आपल्या ओळखीचे. कँडिडा त्याच प्रकारची. तिच्या मुख्य जाती अशा :

* अल्बिकन्स : आपल्या आतड्यातही असते. नेहमीचे फ्लुकोनाझोल बहुधा लागू पडते.
* ट्रॉपिकॅलिस : भारतात बरीच आढळते. पांढऱ्या पेशी घटलेल्यांना घातक.
* पॅराप्सिलोसिस : हातांवरून, सलाइनच्या नळीतून शिरते. तुलनेने सौम्य, पण तान्ह्या बाळांना जपावे.
* ग्लॅब्राटा, क्रुसाय : पहिलीवर फ्लुकोनाझोल अनेकदा अपुरे, दुसरीवर निरुपयोगी.
* ऑरिस : 2009 साली जपानमध्ये प्रथम नोंदली गेली. अनेक औषधांना दाद देत नाही, रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरते.

क्रिप्टोकॉकस हे वेगळे यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत वाढते व मेंदूच्या आवरणाला सूज आणते. अंधेरी-घाटकोपरच्या गॅलऱ्यांत कबुतरे नेहमीचीच. एचआयव्हीबाधित वा प्रतिकारशक्ती घटलेल्यांनी ती घाण स्वतः झाडू नये.

म्हणून वाचकहो, रुग्णाच्या रिपोर्टमध्ये नुसते ‘बुरशी’ ऐकून थांबू नका. जात कोणती, औषध कोणते चालेल, हे विचारा. रुग्णाला भेटताना हात धुवा. अँटिबायोटिक वा स्टिरॉइड मनाने घेऊ नका.