सॉफ्टवेअर नंतर, आधी यादी

अगं, "वाचनालयाला देणगीतून कॉम्प्युटर मिळालाय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं तू काल फोनवर विचारलंस, तेव्हापासून तुझाच विचार चाललाय. इतक्यात विकत काही घेऊ नकोस. आधी दाखल नोंदवही उघड आणि साध्या एक्सेलमध्ये पुस्तकं चढवायला लाग. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट. एका रकान्यात एकच गोष्ट.

टाइप मात्र युनिकोडमध्येच कर. मी पोळलेय म्हणून सांगते. आमच्या वाचनालयाची पहिली यादी आम्ही डीटीपीवाले वापरतात तसल्या जुन्या फॉन्टमध्ये केली होती. कॉम्प्युटर बदलला, त्यावर तो फॉन्ट नव्हता, आणि सगळी मराठी नावं इंग्रजी अक्षरं नि चिन्हं होऊन समोर आली. त्या फॉन्टांत आत साठतात ती इंग्रजीचीच अक्षरं, वरून नुसता देवनागरी मुखवटा. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे कुठल्याही मोबाइलवर तो 'क'च दिसतो. हे कळेपर्यंत सोलापूरचा अख्खा उन्हाळा पंख्याखाली तीच यादी पुन्हा टाइप करण्यात गेला.

आपल्या गावात तर युनिकोडवाचून भागणारच नाही. पूर्व भागातले आजोबा तेलुगू मागतील, अक्कलकोटकडची सून कन्नड मागेल, कुणाला उर्दू हवं असेल. चारही लिप्या एकाच शीटमध्ये नांदतात. कन्नड पुस्तकाचं नाव कन्नडमध्ये लिही आणि शेजारच्या रकान्यात देवनागरीत. तुला वाचता आलं नाही तरी सापडेल. लेखकाचं नावही एकदा 'देशपांडे, पु. ल.' ठरलं की कायम तसंच. नाहीतर 'पु.ल.' आणि 'पुरुषोत्तम लक्ष्मण' हे कॉम्प्युटरला वेगवेगळे लेखक वाटतात. ठरलेली नावं टेबलाच्या काचेखाली लावून ठेव.

यादी नीट झाली की मग 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बघ. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाची जुनी यंत्रणा 2000 साल उजाडलं की बंद पडेल अशी भीती होती, म्हणून त्यांनी ते बनवून घेतलं आणि सगळ्यांना मोफत देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फुकट असलं तरी ते बसवायला लिनक्स जाणणारं माणूस लागतं. ते हाताशी नसेल तर एक्सेलवरच राहा, त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट फार मनापासून सांगते. ईमेल असो, गूगलचं खातं असो, की वर्गणीचा क्यूआर कोड, सगळं वाचनालयाच्या नावानं काढ. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत सगळं एका लिपिकाच्या खासगी ईमेलवर होतं. नोकरी सोडताना तो बिचारा चांगल्या मनानंच गेला, पण पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. तू पासवर्ड बंद पाकिटात घालून सचिवांच्या कपाटात ठेव. दर शनिवारी यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर घे, आणि तो पेनड्राइव्ह वाचनालयात नको, दुसरीकडे ठेव. वीज जाते तेव्हा चालू फाइल बिघडू शकते, म्हणून छोटा यूपीएस आधी, प्रिंटर नंतर.

आणि हो, दाखल नोंदवही हातानं लिहायची थांबवू नकोस; अनुदानाच्या तपासणीला तीच पुढे ठेवावी लागते. रविवारी मी येते. तू नोंदवहीतून वाच, मी टाइप करते. पहिलं कपाट दुपारपर्यंत उरकू.