पान अख्खं दिसलं पाहिजे

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माझं वाचन बहुतेक शोधनिबंधांचं आणि संदर्भग्रंथांचं, आणि ते जवळपास सगळं पीडीएफमध्ये. काही वर्षांपासून हे वाचन मी मोठ्या स्क्रीनच्या ई-रीडरवर करतो. एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी त्याबद्दल नेहमी विचारतात. त्यांना जे सांगतो, ते इथे क्रमाने मांडतो.

१. आधी फाइल ओळखा

कादंबरी बहुधा ईपब स्वरूपात मिळते. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात, त्यामुळे ती सहा इंची रीडरवरही सुखाने वाचता येते. पीडीएफचं तसं नाही. अडोबीने १९९३ साली हे स्वरूप आणलं ते पान सगळीकडे हुबेहूब तसंच दिसावं म्हणून. त्यातले स्तंभ, आकृत्या, तळटीपा जागच्या हलत नाहीत. म्हणून स्क्रीनच पानाला शोभेल एवढी हवी.

२. फूटपट्टीने मोजा

ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतं. सहा इंची स्क्रीनची उंची जेमतेम १२ सेंटिमीटर. तिच्यावर अख्खं पान बसवलं, की १० पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं. १०.३ इंची स्क्रीनवर तेच सात पॉइंटचं दिसतं आणि कोरे समास कापले तर त्याहून मोठं. १३.३ इंचीवर पान जवळजवळ मूळ आकारात येतं. दोन स्तंभांतले शोधनिबंध रोज वाचायचे असतील तर १३.३ इंची घ्यावा. पाठ्यपुस्तकांची पानं सहसा ए-४पेक्षा लहान असतात, त्यांना १०.३ इंची पुरतो.

३. खरा फायदा विचारांच्या सलगपणाचा

सिद्धता वाचताना नजर सतत मागे-पुढे जाते. मॅक्सवेलच्या समीकरणांपासून तरंग समीकरणापर्यंत जाताना वरची ओळ, चिन्हाचा अर्थ आणि शेजारची आकृती एकाच वेळी समोर लागतात. मोबाइलवर पान मोठं करून सरकवत राहिलं, की आधीची पायरी नजरेआड होते आणि बुद्धीचं बळ ती आठवण्यातच खर्च होतं. पान अख्खं दिसलं, तर तेच बळ युक्तिवाद तपासायला मिळतं. मोठ्या स्क्रीनसाठी एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं.

४. उजेड कागदासारखा

या ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे विद्युतभारित कण. विद्युतक्षेत्र बदललं की हवे ते कण वर येतात आणि तिथेच टिकतात. वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते. पडद्यावर पडणाऱ्या उजेडात आपण वाचतो, म्हणून गच्चीत भर दुपारीही अक्षर ठळक दिसतं. सलग वाचनाला मला हेच मानवतं. शिवाय मध्येच मेसेज येत नाहीत.

५. पेन हवंच

गणित नुसतं वाचून होत नाही, समासात करून पाहावं लागतं. घेण्याआधी एक गोष्ट तपासा: तुमची टिपणं पीडीएफमध्येच जतन होतात का आणि संगणकावर सहज नेता येतात का? प्रबंध लिहायला बसाल तेव्हा याचं मोल कळेल.

६. काय जमत नाही

पानं भराभर उलटणं आणि शेकडो पानांत शोधाशोध करणं ही कामं संगणकावरच करावीत. रंगही बेताचेच. कॅलिडो ३ या रंगीत पडद्यावर कृष्णधवल मजकूर ३०० पीपीआयने (इंचामागे ३०० ठिपके) उमटतो, पण रंग १५० पीपीआयनेच. ज्यांच्या विषयात रंगीत नकाशे किंवा पेशींची छायाचित्रं वाचावी लागतात, त्यांनी हे आधी पाहावं.

७. जुन्या मराठी ग्रंथांसाठीही

इतिहास आणि मराठीच्या अभ्यासकांनाही हे साधन उपयोगी आहे. जुने मराठी ग्रंथ डिजिटल ग्रंथालयांत बरेचदा स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात मिळतात. ती चित्रं असतात, अक्षराचा आकार वेगळा बदलता येत नाही. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार नीट दिसायला मोठा पडदाच लागतो.

८. ग्रंथालयांना विनंती

हे ई-रीडर महाग आहेत, बहुतेक विद्यार्थ्यांना परवडत नाहीत. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे जानेवारी २०२५पासून देशभरातल्या सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. ज्ञान दारात आलं आहे, पण पुष्कळ विद्यार्थी ते आजही मोबाइलच्या पडद्यावर वाचतात. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मोठ्या स्क्रीनचे निदान चार-पाच ई-रीडर घ्यावेत आणि पुस्तकांसारखेच ते घरी न्यायला द्यावेत.